जुनेर

गोधडीला सरसकट ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या रांगेत बसवतात, ते पटत नाही. टाकाऊ म्हणजे ज्याचं काम संपलं ते. सुती लुगडं आठ-दहा वर्षं नेसून, बडवून, वाळवून झालं की त्याचं नेसायचं काम संपतं, पण पांघरायच्या लायकीचं ते तेव्हाच होतं. त्याची खळ निघून गेलेली असते. आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि धाग्याचा पीळ सैल होऊन पोत मऊ झालेला असतो. ही चारही कामं नव्या कापडावर करायची तर वर्षं लागतील. म्हणून नवी कापडं आणून शिवलेली वाकळ, म्हणजे गोधडी, फोटोत देखणी दिसते, पण अंगावर घेतली की अंगाला लागत नाही, ताठ उभी राहते.

अर्थात जुनेरालाही, म्हणजे अशा वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडालाही, हद्द आहे. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलकंसं ताणावं. चर्रकन फाटलं तर ते वरच्या किंवा खालच्या थराला घेऊ नये. उन्हासमोर धरल्यावर जिथे विरळ दिसेल तो भाग आतल्या थरात ढकलावा. तिथे त्याला चारी बाजूंनी आधार मिळतो. लुगड्याचा सगळ्यात झिजलेला भाग म्हणजे बसायचा आणि निऱ्यांचा. पदर आणि आतलं टोक बरंच शाबूत असतं, म्हणून चांगल्या वाकळीत पदर वर दिसतो.

हिशेब साधा आहे. सहावारी पातळ साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद. त्याच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद असे तीन थर एकदम मिळतात, कापायचंही काम नाही. नऊवारी आठ मीटरच्या वर असतं, त्याच्या चार घड्या होतात आणि लांबी पावणेसात फुटांच्या आसपास येते. एक नऊवारी आणि एक सहावारी मिळून सात थर झाले. विदर्भातल्या पौष महिन्याला तेवढे पुरतात. सातच्या पुढे गेलात तर सुई जाते, पण बोटं जात नाहीत. नागपूर-अकोल्याकडची थंडी कोरडी, पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी शर्टावर फिरता येतं, तेव्हा सातांतच भागवावं. लेकराच्या दुपट्याला तीन थर पुष्कळ.

काठ मात्र आधी काढून घ्यावेत. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, त्यामुळे धुतल्यावर काठ आणि अंग वेगवेगळे ओढले जातात आणि मधोमध उभी सुरकुती पडते. काढलेले काठ वाया जात नाहीत, चारी कडांना गोट म्हणून लावायला त्यांच्याइतकं मजबूत दुसरं काही नाही. जरीचा काठ असेल तर तो हनुवटीकडच्या बाजूला कधीच लावू नये, झोपेत खरचटतं. करवतकाठी लुगडं कुणाच्या पेटीत असेल तर त्याला सुईच लावू नका. ते टसर रेशीम आहे, सुताबरोबर धुतलं जाण्यासाठी ते विणलेलं नाही.

आताची अडचण जुनेराचीच आहे. घरात दहा साड्या जुन्या होतात, त्यातल्या आठ-नऊ पॉलिस्टरच्या. त्या घसरतात, टाक्याला थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि शेकोटीजवळ ठिणगी पडली तर जळण्याआधी वितळतात आणि कातडीला चिकटतात. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून पेटवून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टरचा टोकाला कडक मणी होतो. दोन्ही झालं तर ते टेरिकॉट, मिसळीचं. ते फार तर आतल्या एका थराला चालवून घ्यावं. सूत शोधायचं तर साड्यांपलीकडे पाहावं: धोतरं, पंचे, परकर, जुन्या चादरी, शेतात डोक्याला बांधून विरलेले दुपट्टे. वर्धा जिल्ह्यात १९३६ साली सेवाग्राम वसलं तेव्हापासून खादीची धोतरं नेसणारी घरं बरीच होती. तसलं धोतर हाती आलं तर ते थेट अंगाला लागणाऱ्या बाजूला लावावं. टॉवेल घेऊ नये. धुतल्यावर तो एकटाच सगळं पाणी धरून बसतो आणि वाकळ उचलताना टाके उसवतात. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, म्हणून तेही नको.

वरच्या थरावर चिंध्या जोडायच्या असतील तर आधी धाग्याची दिशा पाहावी. कापड उभं ओढलं तर ताणत नाही, आडवं थोडं ताणतं, तिरकं भरपूर ताणतं. तिरका कापलेला तुकडा सरळ तुकड्याशेजारी शिवला की पहिल्याच धुण्यात तो फुगून येतो. म्हणून सुती तुकडे कात्रीपेक्षा हाताने फाडलेले बरे. कडेला एक बारीक चीर दिली की फाड आपोआप धाग्याच्या रेषेत जाते. त्रिकोण, चांदण्या हौसेने करा, पण त्रिकोणाला एक तिरकी बाजू येतेच, ती नेहमी दुसऱ्याच्या सरळ बाजूला जोडली जाईल असं बघा, म्हणजे सरळ बाजू तिला धरून ठेवते. ठिगळाची कड पाव इंच आत दुमडून तुरपाई घालावी. दुमड कमी घेतली की सहा महिन्यांत कडेचे धागे सुटतात. नव्या खणाचा तुकडा लावायचाच असेल तर तो आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग घ्यावा. लाल, जांभळा आणि काळा रंग ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहिल्याशिवाय लावू नये.

आता अंथरण्याचं. चुका होतात त्या शिवताना नव्हे, इथे. फाल्गुन-चैत्रात तूर घरात आलेली, कापसाची फरदड, म्हणजे शेवटचा बहर, वेचून झालेली, तेव्हा सकाळी छपरीत हे काम होतं. अकरानंतर ऊन असं तापतं की घामाची बोटं सुईला गंज आणतात आणि गंजाचा डाग सुतातून जात नाही. जमीन सारवलेली असेल तर ती पुरती वाळलेली हवी. एकेक थर अंथरून मधून बाहेर तळव्याने फिरवत जावं. ओढून ताणू नये. ताणलेलं कापड हात काढला की मागे येतं, पण तोवर त्यावर दुसरा थर पडलेला असतो. चारी कोपऱ्यांवर पाटे ठेवून मधून कडांकडे वीत-वीत अंतराने कच्चे टाके घालावेत, पांढऱ्याच दोऱ्याने. हा तास कुणालाच आवडत नाही. पण तो चुकवला की पुढे काहीच सावरता येत नाही.

पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत येतो. तज्ज्ञ सांगतात मधून सुरू करा म्हणजे हवा बाहेर निघते. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण कडेकडून शिवलेली वाकळ काम अर्धवट राहिलं तरी पसरत नाही, आणि शेतावर जाणाऱ्या बाईचं काम अर्धवट राहतंच. कच्चे टाके नीट असतील तर कडेकडून आलं तरी मधे फुगा धरत नाही. टाके इंचाला तीन, ओळींत इंचभर अंतर. बहात्तर बाय पंचेचाळीस इंचांच्या वाकळीत या हिशेबाने एकूण शिवण ८२ मीटर होते आणि टाके पावणेदहा हजारांच्या घरात जातात. दोरा दुहेरी घ्यायचा, वर-खाली जाण्यात आणि गाठींत जाणारा धरून दोनशे मीटर लागतो. ४० नंबरचा सुती दोरा चालतो. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतात, पण तोच पुढे मऊ जुनेराला कापत जातो. दोरा कापडापेक्षा दुबळा असलेला बरा, तुटला तर परत घालता येतो.

सुई लांब आणि नेढं मोठं असलेली घ्यावी. दाभण नको, त्याची भोकं राहतात. दोरा एका हाताहून लांब ओवला की गुंता ठरलेला. त्याला मेणबत्तीवरून एकदा फिरवलं तर पीळ धरत नाही. सुई अडायला लागली की बायका ती केसांतून फिरवतात, तेल लागतं आणि पुन्हा सरसर जाते. गाठ बाहेर ठेवू नये, थरांच्या मधे दडवावी. आणि शेवट गाठीने न करता त्याच जागी दोन उलटे टाके घालून करावा, कारण गाठ धुताना पहिली निसटते.

दोरा ओढायचा किती, हे मात्र हातालाच कळतं. ‘एवढा काहून ओढतं वं दोरा, कापड गोया झालं ना,’ असं शेजारची म्हणते तेव्हा तिने कडेच्या पहिल्या फेऱ्या पाहिलेल्या असतात. बाहेरच्या दोन-तीन फेऱ्यांत दोरा घट्ट झाला की चारी कोपरे वर वळतात आणि मग आतून कितीही सैल शिवा, वाकळ जमिनीला टेकत नाही. पाच-सहा टाके सुईवर घेऊन ओढल्यावर तळव्याने शिवण एकदा मागे निपटावी. ओळी दाट घातल्या की टिकाऊपणा वाढतो, पण थरांमधली हवा दबते आणि ऊब कमी होते. पांघरायची असेल तर ओळी दोन बोटांवर, अंथरायची असेल तर एका बोटावर.

मशीनवर शिवायची घाई असेल तर सुई १८ नंबरची, टाका सगळ्यात लांब आणि दाबपट्टीचा स्क्रू सैल. तरीही दाबपट्टी वरचा थर पुढे ढकलते आणि खालचे दात खालचा थर मागे ओढतात, त्यामुळे ओळीच्या शेवटी वर चुणी जमतेच. एक ओळ वरून खाली, दुसरी खालून वर असं केलं तर चुण्या दोन्हीकडे वाटल्या जातात, पण नाहीशा होत नाहीत.

कापसाच्या मुलखात रुईच्या रजया सोडून चिंध्यांचं एवढं कशाला, असं कुणी विचारेल. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. एका रजईला दोन-अडीच किलो रुई आणि पिंजाऱ्याची मजुरी. शिवाय रजई धुता येत नाही, आतली रुई गोळे धरते. वाकळ बादलीत भिजवून, पायाने तुडवून धुता येते आणि वैशाखात एका दुपारीत खडखडीत वाळते. आषाढात धुवायच्या फंदात पडू नये, आतले थर ओले राहून कुबट वास धरतात. पेटीत ठेवताना कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून कापडात बांधून ठेवावा, ओल्या पाल्याचे हिरवट डाग पडतात.

उरलेल्या टी-शर्टांचं आणि पॉलिस्टरचं पायपुसणं चांगलं होतं. दोन बोटं रुंद पट्ट्या काढून तीन पेडी वेणी घालावी, पण तिन्ही पट्ट्यांची लांबी वेगवेगळी घ्यावी म्हणजे जोड एकाच जागी येत नाहीत. वेणी गोल गुंडाळत शिवताना सपाट जमिनीवर ठेवूनच शिवावं. मांडीवर धरून शिवलं की कडा वर येतात.

खताच्या पोत्यांची फारीही, म्हणजे पोती उसवून जोडलेलं धान्याखालचं मोठं अंथरूण, याच दिवसांत होते. पोत्याच्या तोंडाची शिवण साखळीची असते; बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी उसवते, चुकीच्या टोकाने तासभर कात्री चालते. निघालेला दोरा कच्च्या टाक्यांना जपून ठेवावा. पोती आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावीत, खताचे कण धान्यात नकोत. कड दोनदा दुमडून सुतळीने शिवली नाही तर पट्ट्या उसवत जातात.

जुनी वाकळ विरली की तिला उसवत नाहीत, वर आणि खाली एकेक नवं जुनेर चढवतात. असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा चढवू पाहिलं तर सुई मधेच मोडते. तेव्हा तिचे चार तुकडे करून एक खाटेवर गादीखाली, एक बैलबंडीत बसायला आणि उरलेले दोन गोठ्यात जातात. कापलेल्या कडांना मात्र लगेच सुतळीचे मोठे टाके घालावे लागतात, नाहीतर आतले जुने थर पहिल्याच दिवशी बाहेर येतात.