ती मशीद आहे की चर्च? तुम्ही विचारलंत म्हणून

स्पेनमधल्या कोर्दोबात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला आहे, मग ते पुण्याचे असोत नाहीतर लंडनहून वीकेंडला टपकलेले. मेस्किता, म्हणजे इथली ती जुनी प्रसिद्ध वास्तू, बघून झाली, संत्र्याच्या झाडांच्या अंगणात सावली धरून बसले, पाण्याची बाटली अर्धी रिकामी झाली की लगेच, "अगं पण हे नक्की काय आहे, मशीद का चर्च?" फोटो टाकले तरी खाली हेच. आता एकदाच सविस्तर लिहिते.

कागदावरचं उत्तर सोपं आहे, कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. 1236 मध्ये ख्रिश्चन राजा फर्नांदो तिसऱ्याने मुस्लिमांकडून शहर जिंकलं तेव्हापासून इथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, होते, आजही होते, आणि नमाज पढायला परवानगी नाही, मुस्लिम लोकांनी मागून बघितली पण चर्चने नाही म्हणून सांगितलं. शिवाय 2006 मध्ये चर्चने अख्खी वास्तू रीतसर आपल्या नावावर चढवून घेतली, खर्च आला 30 युरो. तेवढ्यात इथे चौघांचं धड जेवण होत नाही. त्यावरून केवढा गदारोळ झाला आणि अजूनही अधूनमधून होतो.

पण गावात कॅथेड्रल म्हणताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. माझ्या शेजारच्या आजी कट्टर कॅथलिक, गळ्यात क्रॉस, रविवार चुकवणार नाहीत, आणि मला जिन्यात भेटून सांगणार काय तर नातीचं लग्न मेस्कितात ठरलंय! म्हणजे मशिदीत. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही. 2014 मध्ये गूगल मॅपवर नाव नुसतं कोर्दोबाचं कॅथेड्रल असं झालं तर लोकांनी सह्यांची मोहीम काढून मेस्किता हे नाव परत आणायला लावलं.

माझं स्वतःचं मत असं की ही इमारत कधीच कुणा एकाची अशी निव्वळ नव्हती, ज्याच्या हातात आली त्याने आधीच्याचं सामान वापरलं. दमास्कसच्या उमय्यद घराण्यातला जीव वाचवून पळालेला अब्द-अर-रहमान पहिला इथे अमीर झाला आणि 785 च्या सुमारास त्याने ही मशीद बांधायला घेतली. त्याने खांब नवीन घडवलेच नाहीत, रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींचे पडलेले खांब उचलून आणले. त्यामुळे एकही धड एका मापाचा नाही. सगळे वर कमानी बघत मान मोडून घेतात, मी म्हणते जुन्या भागात जरा वाकून खाली बघा, एखाद्या खांबाला बैठक आहे, शेजारचा सरळ फरशीत घुसलाय, रंग वेगळा, दगड वेगळा. आणि एवढं करूनही छत बुटकं झालं असतं म्हणून कमानीच्या डोक्यावर दुसरी कमान, एक थर लाल विटेचा, एक फिकट दगडाचा. आज 850 च्या वर खांब उभे आहेत. मग पार पूर्वेकडच्या भागात जा, तो 987 मध्ये अल्मन्सूरने, म्हणजे खलिफाच्या नावाने कारभार हाकणाऱ्या वजिराने, वाढवलेला, तिथले लाल पट्टे नीट बघा, बऱ्याच ठिकाणी वीट नाहीच, दगडावर नुसता रंग फासलाय. घाई होती का पैसे संपले देव जाणे, पण हे दाखवताना मला फार मजा येते.

या अल्मन्सूरची अजून एक गोष्ट. 997 मध्ये तो उत्तरेत सांतियागो दे कोम्पोस्तेलावर चालून गेला आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यांवरून इथे आणून त्यांचे मशिदीत दिवे केले असं जुन्या बखरींत लिहिलंय. 1236 मध्ये फर्नांदोने काय केलं असेल? त्याच घंटा, यावेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर, परत सांतियागोला. नकाशात अंतर बघा म्हणजे कळेल.

आता मधोमध जे उंच पांढरं-सोनेरी कॅथेड्रल घुसवलंय त्याबद्दल. लोकांना वाटतं मशीद जिंकली आणि लगेच फोडली. तसं नाही हो! जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिश्चनांनी थोडेफार बदल करून तीच वापरली. 1523 मध्ये बिशप आणि त्याच्या मंडळींनी मधले खांब पाडून मोठं चर्च उभारायचं ठरवलं तेव्हा अडवलं कुणी, तर शहराच्या नगरपालिकेने, म्हणजे ख्रिश्चनांनीच. पाडकामाला हात लावणाऱ्या गवंड्याला देहदंड, अशी दवंडी पिटली. बिशपच्या बाजूने उलट नगरपालिकेच्या लोकांना धर्मातून बहिष्कृत केलं. शेवटी प्रकरण बादशहा कार्लोस पाचव्याकडे गेलं, त्याने बिशपची बाजू घेतली, आणि नंतर स्वतः येऊन बघितल्यावर म्हणे हळहळला की तुम्ही एकमेव अशी गोष्ट मोडलीत. हे वाक्य खरंच त्याचं का, शंकाच आहे, पण गाइड लोक रोज सांगतात. आणि मजा म्हणजे याच माणसाने नंतर ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रात, म्हणजे मुस्लिम सुलतानांच्या जुन्या राजवाड्यात, स्वतःचा राजवाडा घुसवलाच की.

मला ते कॅथेड्रल आवडत नाही. खांबांच्या त्या अर्ध्या उजेडातून चालत असताना एकदम डोळ्यांवर हॅलोजन मारल्यासारखं होतं. पण सेव्हिलला जाऊन या, तिथल्या मोठ्या मशिदीचं मिनार आणि अंगण एवढंच उरलंय, बाकी पाडून नवं कॅथेड्रल बांधलं. इथे चर्च पोटात घेतलं म्हणून बाकीची मशीद वाचली असं मला तरी वाटतं, आणि हे म्हटलं की दोन्ही बाजूचे लोक माझ्यावर रागावतात.

बेल टॉवरचंही तेच. आत दहाव्या शतकातलं मिनार आहे, वादळात खिळखिळं झालं तेव्हा पाडलं नाही, त्याच्याभोवती नवा बुरुज चढवला. वर जाताना जुन्या कमानी भिंतीत दिसतात.

ऑगस्ट 2025 मध्ये मेस्कितातल्या एका चॅपेलला, म्हणजे छोट्या प्रार्थनेच्या खोलीला, आग लागली, छप्पर कोसळलं, बाकीचं वाचलं. त्या रात्री आमच्या गल्लीत सगळे फोन घेऊन बाहेर, आजी रोझरीची माळ ओढत होत्या आणि मध्येच अग्निशमन दलाला शिव्या, उशीर केला म्हणून. उशीर अजिबात झाला नव्हता.

यापुढे चर्चा आपल्याकडच्या कुठल्या जागांकडे वळते ते मला पाठ झालंय, तेव्हा मी सगळ्यांना जेवायला नेते. तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवी, हो, उसाचीच, वांगीही आणि ऊसही अरबांबरोबर इथे आले. काकवी ओळखली की काका लोक मशीद विसरतात.

येणार असाल तर रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ आत फुकट सोडतात, ग्रुपवाले नसतात, पण सणावाराला बंदही असतं म्हणून आधी बघून घ्या. टॉवरचं तिकीट वेगळं आहे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, 40 च्या वर तापमान असतं, मग तुम्ही अंगणात बसून मला प्रश्न विचारणार आणि मी उत्तर न देता घरी जाणार.