प्यायलेला स्वार, शुद्धीतला घोडा

‘आज जरा जास्त झालीय, गाडी नको, घोड्यावरूनच जातो.’ तबेल्यात हा विनोद अधूनमधून कुणीतरी करतंच. मी पोटापाण्यासाठी करारांचे मसुदे तपासते आणि वेळ मिळाला की घोड्यावर बसते. त्यामुळे विनोद करणाऱ्याला हशाऐवजी माझ्याकडून कलमं ऐकावी लागतात.

इंग्लंडचा १८७२ चा लायसन्सिंग ॲक्ट घ्या. कलम १२ सांगतं की सार्वजनिक रस्त्यावर नशेत असताना गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन तुमच्या ताब्यात असेल तर तो गुन्हा. भरलेली बंदूक जवळ असेल तरीही. शिक्षा मुळात ४० शिलिंगपर्यंत दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद. हे कलम आजही लागू आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर घोडेच घोडे होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचंही तसंच. कलम २७९ मध्ये बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याच्या जोडीला बेदरकारपणे स्वारी करणाराही आहे. आता ते भारतीय न्याय संहितेत २८१ झालं, पण स्वार तिथेही टिकून आहे.

मोटारी आल्या आणि कायदे लिहिणारे घोड्याला विसरले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घालतं, पण फक्त मोटार वाहन चालवणाऱ्याला. म्हणजे स्वाराला १८५ लागत नाही. पण तेवढ्यावर खूश होऊ नका. झिंगून भर रस्त्यात घोडा उधळवलात तर २८१ आहेच.

खरी गंमत अमेरिकेत आहे. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनिया, दोन्ही राज्यांच्या कायद्यात जवळजवळ सारखंच वाक्य आहे: रस्त्यावर जनावरावर स्वार झालेल्याला वाहनचालकाची सगळी कर्तव्यं लागू, मात्र ज्या तरतुदी स्वभावतःच लागू होऊ शकत नाहीत त्या सोडून. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ठरवलं की नशेत घोडा चालवणं या वाक्यात बसतं. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वाक्य इतकं मोघम आहे की त्यावरून नशेतल्या स्वाराला दोषी धरता येणार नाही. तिथल्या प्रकरणात एका घोड्याला पिकअपने धडक दिली होती. न्यायमूर्ती ईकिन यांना बहुमत पटलं नाही, आणि आपल्या असहमतीत त्यांनी बोलक्या घोड्याच्या जुन्या टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताचं विडंबनच लिहून टाकलं.

मी ते पद्य मजेत वाचते, पण मत बहुमताच्या बाजूने देते. कुणाला गुन्हेगार ठरवायचं तर गुन्हा आधी स्पष्ट लिहिलेला हवा. ‘जे लागू होणार नाही ते सोडून’ असं कलम मी कुठल्या करारात ठेवलं असतं तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. कोलोरॅडोने सरळ मार्ग काढला. तिथे नशेत जनावरावर स्वारी करणं हाच वेगळा, मोटारीपेक्षा हलका गुन्हा आहे.

हलका का, हे घोड्यावर बसणाऱ्याला लगेच कळतं. गाडीला शुद्ध नसते, घोड्याला असते. तो स्वतःहून भिंतीवर जाऊन आदळत नाही, आणि ओळखीच्या वाटेने तबेल्याकडे आपसूक वळतो. ‘घोडाच घरी नेतो’ म्हणणारे इथेच थांबतात. पण घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. हॉर्न वाजला, अंगावर दिवे आले की तो बुजतो आणि एका झटक्यात बाजूला उडी घेतो. त्या झटक्याला तुम्हाला सावरते ती फक्त तुमची मांड, आणि दारू तोलच बिघडवते. शुद्धीत असलेलाही तेव्हा रिकिबीतून सुटतो. प्यायलेला तर आधीच लगाम ओढून लटकलेला असतो, घोड्याचं तोंड सोलवटेपर्यंत. वर, चारपाचशे किलोचं बुजलेलं जनावर रात्री, विनादिव्याचं, समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेवर आदळलं तर काय होतं याची कल्पना करा. त्या घोड्याने दारू प्यायलेली नसते. जायचं का, हेही त्याला कुणी विचारलेलं नसतं. मला या कायद्यांत सगळ्यात खटकतं ते हेच, की दारुड्याचा आणि गाडीवाल्याचा विचार सगळे करतात, घोड्याचा कुणीच नाही.

आणि पकडल्यावर? गाडी टो करता येते. घोड्याला पाणी लागतं, चारा लागतो, लगाम धरणारं ओळखीचं माणूस लागतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक जण मध्यरात्रीनंतर घोड्यासह थेट ९१ क्रमांकाच्या फ्रीवेवर चढला. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के असताना श्वासचाचणीत ०.२१ आणि ०.१९ निघाले. स्वार अटकेत गेला, आणि घोडा पोलिसांनी स्वाराच्या आईच्या हवाली केला.