२० कोअर की ८ कोअर? प्रोसेसर निवडताना माझे ३ आठवडे गेले

गेमिंग पीसी जोडायला घेतला तेव्हा केस, पॉवर सप्लाय, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड सगळं दोन संध्याकाळी बसून ठरलं. प्रोसेसरवर मात्र ३ आठवडे अडकलो, आणि आठवलं की अजून चिडचिड होते, कारण ज्या एका गोष्टीने शेवटी गुंता सुटला ती पहिल्याच दिवशी घरी बसून करता आली असती.

नावं दोनच होती. इंटेलचा कोअर आय७ १४७००के आणि एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी. कागदावर बघाल तर पहिल्यात २० कोअर (म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), २८ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत स्पीड. दुसऱ्यात ८ कोअर, १६ थ्रेड, ५ गिगाहर्ट्झ. ज्याला विचारावं तो म्हणायचा, अरे २० सोडून ८ कशाला घेतोस. विकणाऱ्यानेही तेच सांगितलं, कोअर जास्त तर गेम जास्त पळणार, डोळे झाकून घ्या. त्या २० मधले ८ मोठे आणि १२ छोटे, कमी वीज खाणारे कोअर आहेत हे मला कुणीच सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं.

मग मी तुलनेच्या तक्त्यांच्या मागे लागलो. रोज रात्री नवा तक्ता, एकात हा पुढे, दुसऱ्यात तो, आणि फरक कुठे १० एफपीएस (सेकंदाला स्क्रीनवर येणाऱ्या फ्रेम) कुठे ४०. दोनदा ऑर्डर भरून रद्द केली. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की हे बहुतेक आकडे १०८०पी या कमी रिझोल्यूशनवर आणि सगळ्यात वरचं ग्राफिक्स कार्ड लावून काढलेले असतात. त्यात चूक काही नाही, प्रोसेसरच मोजायचा तर कार्डाची अडचण मधे येता कामा नये. पण माझा मॉनिटर १४४०पी चा, कार्ड मधल्या दर्जाचं, मग तो ४० चा फरक माझ्या टेबलावर दिसणारच नव्हता. हे तक्त्याखाली एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मी ती ओळ वाचतच नव्हतो.

तेव्हा एकदाचा जुन्या पीसीवर बसलो, नवं कार्ड येऊन पडलंच होतं ते त्यात घातलं आणि स्वतःच मोजलं. गेम चालू ठेवायचा, एफपीएस आणि कार्डाचा वापर स्क्रीनवर दिसू द्यायचा, मग रिझोल्यूशन उतरवायचं. शूटिंगच्या गेममध्ये १४४०पी वर कार्ड ९८ टक्के, १०८०पी केलं की एफपीएस लगेच वर गेले, म्हणजे तिथे कार्डच कमी पडत होतं आणि प्रोसेसर कुठलाही घेतला तरी फार फरक नाही. पण मी सगळ्यात जास्त खेळतो तो शहर वसवायचा गेम, त्यात मोठ्या शहरावर ३४ एफपीएस, १०८०पी वर ३४, ७२०पी वर पण ३४! कार्ड निम्मं रिकामं. म्हणजे इथे प्रोसेसरच अडवत होता. हे मोजायला सगळं मिळून अर्धा तास लागला.

असल्या गेममध्ये हजारो माणसं आणि गाड्यांचा हिशोब सतत चालतो, तो डेटा रॅममधून आणायला कॅशेपेक्षा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या वेगवान मेमरीपेक्षा, कितीतरी जास्त वेळ लागतो. ७८००एक्स३डी मध्ये एल३ कॅशे ९६ एमबी, १४७००के मध्ये ३३ एमबी. बस, तिथेच ठरलं. व्हिडिओ रेंडर करणं हेच माझं मुख्य काम असतं तर मी २० कोअरवालाच घेतला असता आणि ते बरोबरच झालं असतं.

बाकी कारणंही होती. १४७००के फुल लोडवर २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो, त्याला कूलर तसाच तगडा हवा, आणि त्याचं एलजीए१७०० सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढच्या पिढीला चालत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर नंतर फक्त प्रोसेसर बदलता येईल. शिवाय इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेजमुळे पीसी अस्थिर होण्याचा प्रश्न २०२४ मध्ये गाजला होता. कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) अपडेट दिलं, ते बायोस म्हणजे मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून येतं, वॉरंटी २ वर्षं वाढवली, त्यामुळे ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी बायोस अपडेट केलं नसेल तर आजच करा.

जोडणी सरळ झाली. फक्त पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच, पोटात गोळा आला, मी दोनदा बंद करून परत चालू केला. तसं करू नका! डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, काही मिनिटं लागतात, हात लावू नका. आणि हो, बायोसमध्ये एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडने चालवायचं सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर पळत राहते.

तेच शहर, तीच सेव्ह फाइल, आता ७१ एफपीएस. पहिल्या रात्री मी नुसता नकाशा इकडून तिकडे फिरवत बसलो होतो.