हो, डिझेल गाडीच घेतली. हो, जुनीच.

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे तुम्ही एकट्यानेच नाही, गेल्या दोन वर्षांत ज्याला ज्याला कळलं त्याने विचारलंय: 'ॲव्हरेजसाठी जुनी डिझेल घेतलीस ना? मग, परवडली का?' आणि विचारताना तोंडावर ते हसू, उत्तर आधीच माहीत असल्यासारखं. निम्मे लोक तर मला विचारतच नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भावाला विचारतात, ज्याला ऑइल कुठून ओततात हे अजून माहीत नाही. तर एकदाच लिहून टाकते, पुन्हा विचारू नका. कंपनी कुठली तेही विचारू नका, कारण कंपनीची चूक नव्हती.

पहिलं म्हणजे मी आंधळेपणाने घेतलेली नाही. सकाळी न सांगता गेले होते बघायला, आधी बॉनेटला हात लावून बघितला की आधीच गरम करून ठेवलेली नाही ना, कारण डिझेलचं सगळं सोंग थंड स्टार्टला उघडं पडतं. एका सेल्फमध्ये सुरू झाली, धूर नाही. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती होती. अकरा वर्षांची गाडी, 1,42,000 रनिंग, आणि विकणारा म्हणाला, "सगळं हायवे रनिंग आहे मॅडम, एकवीसचं ॲव्हरेज." लोक म्हणतात फसवलं त्याने तुला. नाही हो. तो शंभर टक्के खरं बोलत होता आणि तिथेच माझी वाट लागली, पण ते पुढे सांगते.

माझी आधीची पेट्रोल गाडी लिटरला तेरा द्यायची. मी एक्सेल शीट केली होती, वर्षाला सहा हजार किलोमीटर, तेराने भागले तर 461 लिटर, एकवीसने भागले तर 286. म्हणजे वर्षाला 175 लिटर वाचले! त्या शीटमधल्या मला आता भेटता आलं तर एकच विचारीन: बाई, सहा हजार किलोमीटर कसले? रोज सहा जायचे आणि सहा यायचे. इंजिन धड गरमही होत नाही तेवढ्यात, आणि डिझेल तर पेट्रोलपेक्षा उशिरा गरम होतं, कारण ते उष्णता कमी वाया घालवतं. ज्या गुणासाठी घेतली तोच गुण आड आला.

त्यावर ती शीटवाली मी म्हणणार, पण डिझेल मुळात जास्त देतंच ना? देतं. पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती पट दाबायचं ते, दहा-अकराला एकच्या आसपास, डिझेलमध्ये सोळा-अठराला एक, स्पार्क प्लग नाहीच, हवा इतकी दाबायची की डिझेल फवारल्या फवारल्या पेटतं, आणि हवेच्या वाटेत पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप अडवून धरत नाही. हे सगळं खरंय. पण लिटरला लिटर ही तुलनाही सरळ नाही, डिझेल जड असतं, एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, म्हणजे थोडं ॲव्हरेज इंजिनाचं आणि थोडं त्या लिटरचंच. हे मला घेण्याआधी माहीत होतं का? होतं. तरी शीटमध्ये टाकलं नाही. का, ते विचारू नका, एकवीस आकडा आवडला होता.

पहिले आठ महिने छान गेले. पंधरा मिळत होते, मी म्हणायचे ट्रॅफिक आहे, सुधारेल. कधीकधी गाडी बंद केल्यावर पंखा सुरूच राहायचा, आयडलिंग जरा वर असायचं, जळकट वास यायचा. मला वाटायचं ऊन. ते ऊन नव्हतं. सायलेन्सरच्या वाटेवर जो फिल्टर असतो, डीपीएफ, तो धुरातली काजळी धरून ठेवतो आणि अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळून टाकतो. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं चालती गाडी लागते. मी प्रत्येक वेळी मधेच किल्ली काढत होते. आधीच्या मालकाच्या हातात हायवेवर तो रोज आपसूक साफ होत असणार. म्हणून म्हटलं, तो खरं बोलत होता. एकवीस त्याच्या रस्त्याचं ॲव्हरेज होतं, मी फक्त गाडी घेतली, रस्ता घेतला नाही.

आता ते ऑइलचं. हे सांगायची लाज वाटते. मी दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक, ती ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढून बघायचे, शिस्तीत. सगळे म्हणायचे जुनी डिझेल ऑइल पिते. माझी पीतच नव्हती, उलट लेव्हल किंचित वर चाललेली. मला इतका अभिमान! मामाला फोन करून सांगितलं होतं, मामा, थेंब खात नाही. मामांनी आयुष्यभर डिझेल गाड्या चालवल्यात, पण बिनफिल्टरच्या, जुन्या पद्धतीच्या, तेही म्हणाले वा वा. कुणाच्या डोक्यात आलं नाही की ऑइल वाढतंय म्हणजे त्यात काहीतरी येतंय. फिल्टर तापवायला माझी गाडी सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडते, ते जायला हवं सायलेन्सरकडे, पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागून रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. आणि काम अर्धवट राहिलं की गाडी पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा डिझेल खाली. काही गाड्यांच्या डिपस्टिकवर कमाल खुणेच्याही वर याच्यासाठी वेगळी खूण असते. माझ्या गाडीच्या नव्हती.

त्या संध्याकाळी बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली, किल्ली फिरवली, आणि इंजिन बंद झालं नाही.

मला वाटलं किल्ली नीट फिरली नाही. परत फिरवली. काढली. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन सुरू. आणि आरपीएम हळूहळू वर जायला लागलं, मी पाय कुठेच ठेवलेला नसताना. आधी गुरगुर, मग घरघर, मग असा आवाज की कान दाबून धरावे. मागून पांढरा-निळा धूर, दोन मिनिटांत मागची भिंत दिसेना. मी दार उघडून बाहेर पळाले. खरंच पळाले, पर्स आतच. खाली कुणी नव्हतं. मामांना फोन लावला, ते म्हणाले, "किल्ली काढ." मी ओरडले, "हातात आहे मामा!" मग पलीकडे एक सेकंद काहीच नाही, आणि मग मामांचा आवाज एकदम वेगळा: "अगं ते स्वतःचं ऑइल पितंय. किल्लीने फक्त डिझेल बंद होतं, ऑइल नाही. आत बस. क्लच दाब, पाचवा टाक, हँडब्रेक ओढ, पायाचा ब्रेक सगळ्या ताकदीने दाब, आणि क्लच एकदम सोड. हवेच्या पाइपला हात लावू नकोस, ओढून घेईल."

आत बस. हे ऐकून मी किती वेळ तशीच उभी राहिले मला सांगता येणार नाही. गाडीच्या पुढे हातभर अंतरावर खांब होता. बंद पडायच्या ऐवजी उडी मारली तर खांबावर. आणि नाही बसले तर इंजिन फुटेपर्यंत बघत राहायचं, धूर वर जिन्यात चाललेला. बसले. पाचवा गिअर पडेना, पाय लटपटत होता, चौथा पडला, तोच राहू दिला. ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले आणि क्लच सोडला. गाडीने असा हिसका दिला की माझं डोकं मागे आपटलं, पुढे दीड वीत सरकली, आणि गप्प. मग फक्त तापलेल्या लोखंडाची टकटक. फोनवर मामा 'हॅलो, हॅलो' करत होते आणि मी त्यांना, का कोण जाणे, "चौथा पडला मामा, चौथा पडला" एवढंच सांगत होते.

गॅरेजवाल्याने चेंबर खोलला तेव्हा ऑइल पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा भपकारा. लेव्हल इतकी वर गेलेली की इंजिनाच्या श्वासाच्या नळीवाटे ऑइल हवेच्या पाइपमध्ये ओढलं गेलं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला. बेअरिंग बदलली. फिल्टर काढून साफ केला, तरी काजळी जळते, राख जळत नाही, ती दीड लाख किलोमीटरची आत साठलेली होतीच. सगळा खर्च लिटरमध्ये सांगायचा तर साधारण नऊशे लिटर डिझेल. आणि पंधराच्या ॲव्हरेजने माझे वर्षाला वाचत होते एकसष्ट लिटर, एका फुल टाकीच्या जरा वर. म्हणजे फिटायला पंधरा वर्षं, तोवर गाडी सव्वीस-सत्तावीस वर्षांची.

मग परवडली का? गणिताने नाही. घ्या, म्हटलं.

पण मग तुम्ही लगेच म्हणता, 'फिल्टर पोकळ करून घे, मामांच्या गाड्यांना कुठे होता?' हे मी स्वतः गॅरेजमध्ये विचारलेलं आहे, त्यामुळे मी काही फार सज्जन नाही. पण डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2012 मध्येच स्पष्ट सांगितलंय, आणि ते तळघर मी धुराने भरलेलं बघितलंय. नाही केलं. मामा यावर काही बोलत नाहीत, नुसते खोकतात, आणि तो खोकला कशाचा हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नाही.

'विकून टाक' म्हणणाऱ्यांना: कुणाला विकू? रोज लांब जाणाऱ्याला विकली तर तो खूश राहील, मला माहीत आहे, पण असा माणूस आला की मला वाटतं आता कुठे नीट झालीये. आणि जवळ जाणाऱ्याला विकायला मन होत नाही.

सध्या काय करते, तर दर रविवारी सकाळी काहीही काम नसताना तीस किलोमीटर जाते, त्याच रस्त्याने परत येते, एका वेगात, फिल्टर साफ व्हावा म्हणून. डिझेल वाचवायला घेतलेल्या गाडीत डिझेल जाळायला. भाऊ हसतो. हसू दे. पण परतीच्या उताराआधी डिस्प्लेवर 22.4 येतं, कधी कधी 22.6, आणि मी गाडी बाजूला घेऊन त्याचा फोटो काढते. थांबून मोबाइल काढेपर्यंत ते 22.3 झालेलं असतं.