हो ची मिन्ह शहरातील दुचाकी आणि मेट्रो
आज व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरात बेन थान्ह ते सुओई तिएन असा मेट्रोने प्रवास केला. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावरील १४ स्थानकांपैकी पहिली तीन जमिनीखाली आहेत. गाडी वर आली की ४६१ मीटर उंचीची लँडमार्क ८१ ही इमारत नजरेत भरते. तरीही शहराचा खरा कारभार दुचाकींवरच चालतो. रस्ता ओलांडताना न थांबता, न धावता संथपणे चालत राहावे, म्हणजे दुचाकीस्वार आपणच वळसा घालून पुढे जातात, यावर पुणेकराचाही चटकन विश्वास बसत नाही. पदपथावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, गाळणीतून घट्ट गोड दुधावर थेंब थेंब उतरणारी कॉफी प्यायलो. काचेच्या मनोऱ्यांपेक्षा मला हे पदपथच अधिक भावले. स्थानकांभोवती जागांचे भाव चढू लागल्यास ते असेच राहतील, असे मात्र वाटत नाही.