डोलकाठीच्या कप्प्या, मुक्काम मकरपुरा

भाच्याने मुंबईहून दोन कप्प्या पाठवल्या, सोबत निरोप: "मामा, अगदी अशाच करून दे." त्याची शिडाची बोट जुनी, परदेशी बनावटीची, सुटे भाग मिळत नाहीत. आमचं वर्कशॉप बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. समुद्र इथे नाही, पण लेथला त्याचं काय!

अशाच मात्र करायच्या नव्हत्या. माप घ्यायला व्हर्नियर लावला तर बोअर (कप्पीचं मधलं भोक) एकीकडून १२.१ मिमी, आडवा धरला की १३.४. फिरणाऱ्या कप्पीचा बोअर चहूबाजूंनी सारखा झिजतो. हा लांबट झालाय म्हणजे कप्पी कधीचीच अडकली होती आणि दोर तिच्यावरून नुसता घासत होता. खाचेत एकाच जागी आरशासारखा गुळगुळीत पट्टा होता, तोही तेच सांगत होता. शिवाय खाचेच्या तळाशी आणखी एक बारीक चर. पूर्वी शीड चढवायला तारेचा दोर असायचा, त्याच्यासाठीचा. आता भाचा १० मिमीचा साधा दोर वापरतो. चराच्या कडा त्याला कापणारच.

मी फोन करून सांगितलं, "कप्पी जिच्यावर फिरते ती पिन काढून पाठव. पिनेशिवाय मी जॉब लेथवर लावणार नाही."

"मामा, ती डोलकाठीच्या टोकाला आहे!"

"मग चढ."

चढण्याआधी एवढं बजावलं की उरलेली कप्पी दोऱ्याने बांध आणि मगच पिन ठोक, नाहीतर कप्पी डोलकाठीच्या पोकळीत गेली की गेली. पिन आली ती मधोमध एका बाजूने खाल्लेली. दोर कप्पीवरून वळून परत खाली येतो तेव्हा पिनेवर ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलची नवीच केली.

माल घ्यायला गेलो तर दुकानदार नायलॉन घ्या म्हणत होता, स्वस्त पडेल. नायलॉन ६ वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पितं, फुगतं आणि कप्पी ज्या खोक्यात फिरते त्यात घट्ट बसतं. डेल्रिन हे दुसरं टणक प्लास्टिक एक टक्काही पीत नाही. काळा रॉड घेतला, वर दिवसभर ऊन असतं म्हणून.

डेल्रिन लेथवर टर्न करायला मजा येते. टूलला धार असली की लांबच लांब रिबिनी सुटतात, सगळ्या चकला, म्हणजे जॉब धरणाऱ्या फिरत्या पकडीला, गुंडाळतात. घाई केली की माल तापतो, डोळे चुरचुरतात, आणि तापलेल्या जॉबचं माप खोटं येतं. म्हणून शेवटचा कट चहानंतर. खाचेची त्रिज्या ५.५ ठेवली, तारेचा चर काढूनच टाकला. बुश, म्हणजे भोकात बसवायची वेगळी नळी, घातला नाही. इतक्या कमी फेऱ्यांना डेल्रिन थेट पिनेवर चालतं, बोअर पिनेपेक्षा ०.२ मिमी मोकळा.

बसवल्यावर फोन आला, शीड एका हाताने चढतंय म्हणे. आता बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, टोकाच्या कप्प्या येणार आहेत. या वेळी पिन सोबतच पाठवतोय.