खट्

पंधरवड्यातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढून मी सीएसएमटीला उतरतो आणि फोर्टातल्या बोरा बाजारात शिरतो. घेऊन येतो ते फिल्टरचे झाकण किंवा बॅटरी, पण बघून येतो ते सगळे नवे कॅमेरे. दुकानदार आता मला ओळखतात आणि मी ‘नुसता हातात घेऊन बघतो’ म्हणालो, की चहा सांगतात.

नव्या कॅमेऱ्याची गरज सिद्ध करायला माझ्या धंद्यात कारणांची ददात नाही, कारण एका आठवड्याचे काम दुसऱ्या आठवड्यासारखे नसते. झवेरी बाजारातल्या पेढीसाठी दागिन्यांचे फोटो काढायचे तर सोने म्हणजे आरसाच असतो. अंगठीच्या गोलाईत खिडकी दिसते, ट्रायपॉड दिसतो आणि शर्ट पांढरा असेल तर आपण स्वतःही दिसतो. म्हणून मी त्या दिवशी काळा शर्ट घालतो आणि दागिन्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारतो. इतक्या जवळून एका फोटोत सबंध अंगठी रेखीव येत नाही, त्यामुळे फोकस केसाएवढा पुढे सरकवत तीसचाळीस फोटो काढून ते संगणकावर जोडावे लागतात. नवा कॅमेरा फोकस सरकवत हे सगळे फोटो आपणहून काढतो, असे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. माझ्याकडचा निकॉनचा २०१७ सालचा डी८५० कॅमेरा देखील ते करतो, हे मात्र सांगायचे राहून गेले.

खरे कारण निराळे होते आणि ते रवींद्र नाट्य मंदिरात घडले. एका नाटकाच्या रंगीत तालमीचे फोटो मी काढत होतो. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो. बटण दाबले की तो वर उडतो, मागचे पडदे उघडमीट करतात आणि आरसा पुन्हा खाली आपटतो. हे सारे क्षणाच्या अंशात उरकते, पण मुकाट्याने नाही. नाटकातल्या एका दीर्घ शांततेत, नायिका पत्र हातात घेऊन नुसती उभी असताना, माझ्या कॅमेऱ्याने ‘खट्’ म्हटले. तिने पत्रातून मान वर केली आणि भूमिकेत राहूनच माझ्याकडे असे पाहिले, की पुढचा अर्धा अंक मी कॅमेरा मांडीवर ठेवून काढला.

आवाज बंद करण्याची सोय त्या कॅमेऱ्यातही होती, पण त्या पद्धतीत सेन्सर चित्र एका ओळीनंतर एक ओळ असे सावकाश वाचतो. तेवढ्यात वस्तू हलली, तर ती वाकडी उमटते. शिवाजी पार्कवर एका शाळकरी फलंदाजाची बॅट मी अशी केळ्यासारखी वाकवली होती, आणि त्याच्या वडिलांनी तो फोटो विकत घेतला नाही. निकॉनचा २०२३ साली आलेला झेड ८ हेच वाचन इतक्या झपाट्याने करतो, की त्यात यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. आरसा नाही, पडदेही नाहीत. असा कॅमेरा बोरा बाजारात हातात आल्यावर मी काय करणार होतो? हप्ते बांधून घेतले आणि पिशवी पोटाशी धरून हार्बरच्या गाडीत चढलो.

नाटकात त्याने खरोखर नाव राखले. तळोज्याच्या कारखान्यात तर यंत्रांच्या गोंगाटापुढे कुठलाच कॅमेरा ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे फरक पडण्याचे कारण नव्हते.

नव्या कॅमेऱ्यावर काढायचे पहिले लग्न दादरला होते. फोटोसाठी आजी, त्यांच्या दोन्ही बाजूंना मुली आणि मागे जावई असा ठेवणीतला गट उभा होता. मी चार फोटो काढले, मान हलवली आणि पुढच्या गटाकडे वळलो, तरी ही मंडळी हसू चेहऱ्यावर धरून जागची हलेनात. शेवटी आजींनी ओठ न हलवता विचारले, “अरे बाळा, काढतोस ना? गाल दुखायला लागले.” चार निघाले, असे मी सांगितल्यावर त्यांनी जावयाकडे पाहिले. जावई म्हणाले, “अहो, काहीच वाजलं नाही. परत काढा.” मी परत काढले, पुन्हा काहीच वाजले नाही, आणि मंडळी पुन्हा तशीच उभी राहिली. मागे जेवणाच्या पंगतीची घाई सुरू झाली होती.

त्या ‘खट्’ची माझ्या गिऱ्हाइकांना इतकी सवय होती, की फोटो निघाल्याची पावती त्यांना त्यातच मिळत असे. श्वास सोडावा, पदर सारखा करावा, मुलाला खाली ठेवावे, हे सगळे त्या आवाजावर ठरत होते.

पुढचा गट मंचावर चढेपर्यंत मी मेन्यूत शिरलो. त्यात शटरच्या आवाजाची नक्कल करणारी सोय निघाली, आणि आवाज कितपत मोठा हवा हेही निवडता येत होते. मी तो सर्वांत मोठा केला आणि आजींना पुन्हा बोलावले. कॅमेऱ्याच्या बारीकशा स्पीकरमधून ‘खट्’ वाजले, तशा आजी खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “हां, आता निघाला.”